हातात जीव

१४ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, लिहून ठेवायचं. हात कधी दुखले, काय करताना दुखले, काय जमलं, काय नाही. म्हणाल्या, "दुखणं सांगताना माणसं एक तर फुगवून सांगतात, नाहीतर गिळून टाकतात." म्हणून ही वही.

तर, माझे अंगठे. मुळाशी झिजलेत. अर्धं आयुष्य कापडाच्या दुकानात कात्री चालवली, त्याचं हे बक्षीस. दुकान सुटलं, दुखणं काही सुटलं नाही. कप धरता येतो, बटण लावता येतं, पण बरणीचं झाकण म्हणजे माझा जन्माचा वैरी. फिरवायला गेले की अंगठ्याच्या मुळातून जी कळ निघते ती थेट कोपरापर्यंत.

नशीब, घरात हे आहेत. नळाची कामं करणारा माणूस, गंजून एकजीव झालेले पाईप सोडवणारे हात. झाकणाची काय बिशाद! बरणी नुसती पुढे करायची, "अहो" म्हणायचं, की पेपरातली नजर न काढता उघडून परत. सगळ्या जिन्याच्या बरण्या आमच्याकडे येतात. समोरच्या दाराची घाईबाई तर ठरलेलीच. (हे नाव आमच्या घरातलं, तिला माहीत नाही. एक चप्पल पायात, एक हातात, अशी बोलते.) "काका, तेवढं टक् करून द्या ना!"

आज मधाची बरणी उघडली नाही. ह्यांनी उघडली.

२ मार्च

अंगठे बरे. बाकी एक गंमत झाली.

घाईबाई बीटची बरणी घेऊन आली. ह्यांनी फडक्यात धरली, फिरवली. पुन्हा फिरवली. मग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, पुन्हा उजव्या. शेवटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिचा आटाच तिरका बसलाय. दुकानात परत दे."

ती बिचारी "बरं काका" म्हणून गेली. संध्याकाळी जिन्यात भेटली तर हसत सांगते, "काकू, मी गरम पाण्याखाली धरली, उघडली की हो! काकांना म्हणावं, वय झालं."

मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत बसले. पुरुषाच्या जातीला चेष्टा सोसत नाही हेच खरं.

१९ मार्च

ह्यांनी नवीनच वेड घेतलंय. येताना बाजारातून पिशवीभर सामान आणलं: डबे फोडायचे ओपनर तऱ्हेतऱ्हेचे, रबराचे हातमोजे, एक पट्ट्याचा पाना, तो म्हणे बरणीच्या गळ्याला आवळायचा. मला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाले, "चल, शिक."

"काय शिकू?"

"झाकण उघडायला."

"अहो, माझे अंगठे—"

"अंगठे लागतच नाहीत. अंगठ्याने उघडायचं असतं असं सगळ्यांना वाटतं, तिथेच चुकतं."

मग मास्तर सुरू झाले. बरणी आतून हवा ओढून धरते, म्हणून झाकण हटून बसतं. त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही. चमच्याची दांडी काठाखाली सरकवायची, हलकेच वर उचलायची. एकदा टक् असा आवाज आला की आत हवा शिरली, मग झाकण स्वतःहून फिरतं. ते जमलं नाही तर गरम पाणी, पण झाकणावर, काचेवर नाही. तेही नाही तर बरणी तिरकी धरून बुडाला तळहाताने एक चापट.

"माझ्याकडे तुम्ही आहात की," मी म्हटलं. "चमचे कशाला घालत बसू?"

"मी घरात नसलो तर?"

"नसायला कुठे जाणार? कामावरून येईपर्यंत थांबेन. जाम काही पळून जात नाही."

ह्यांनी बरणी माझ्यासमोर सरकवली. "पुन्हा."

असा राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हुकमावर गज-फूट मोजलं, आता घरात ऐकून घ्यायचं.

२७ मार्च

आज टक् झालं! चमच्याने. एकटीने. अंगठा अजिबात दुखला नाही. मी लहान मुलीसारखी ओरडले. हे नुसते मान हलवून म्हणाले, "आता दुसरी." खिशातला हातही बाहेर काढला नाही. माणूस इतका कोरडा कधी झाला?

आणखी एक. बटणांचे शर्ट घालायचेच सोडलेत. सारखे आपले ते डोक्यातून घालायचे बनियनवजा सदरे. म्हटलं, "इस्त्री केलेले शर्ट कपाटात सडायला ठेवलेत का?" तर म्हणाले, "उकडतं."

११ एप्रिल

काम बंद करतात म्हणे. कामावरच्या जोडीदाराला सगळी हत्यारं देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. "पुरे झालं आता," एवढंच.

आणि काम नाही तरी दुपारचे जातात कुठे? विचारलं तर, "जरा पाय मोकळे करून येतो." आज आले तेव्हा कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला. "खरचटलं," म्हणाले. खरचटलं तर कापूस एवढा नेटका कोण चिकटवून देतं? मनात नको ते आलं. ह्या वयात आपण असा विचार करावा याची लाज वाटते, पण आला तो आला.

आता शिकवणीत पाण्याचा मेन कॉक, गॅसचा रेग्युलेटर आणि फ्यूजही आलाय. लेकीला फोन करून म्हटलं, "तुझे बाबा बिनपगारी मास्तर झालेत. काही दिवसांनी मला भिंत बांधायला लावतील." ती हसली नाही. म्हणाली, "आई, शिक ना गं. ते सांगतात ते सगळं शिकून घे." आवाज घोगरा होता. सर्दी झालीय म्हणाली. तिकडे कामाच्या गावी एकटी राहते, औषध घ्यायचं नाव नको. आल्याचा चहा घे म्हटलं.

३० एप्रिल

आज भांडण झालं. ह्यांच्या हातातून कप पडला, फुटला. ह्या आठवड्यातला दुसरा. सहा कपांचा सेट माझ्या दुकानातल्या मैत्रिणींनी दिलेला. माझ्या तोंडून गेलं, "हातात जीव नाही का तुमच्या?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं. मग खाली बसून डाव्या हाताने एकेक तुकडा वेचायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या, मी झाडते." तरी वेचतच राहिले.

हे झोपले तेव्हा मी बघत होते. दंडाची कातडी आपोआप फडफडत होती, पापणी लवते तशी. थकवा असेल.

९ मे

आजचं लिहायलाच हवं.

भाजी घेऊन परत आले तर दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात हे जमिनीवर बसलेले. दोन गुडघ्यांत मक्याचा डबा धरलेला, शेजारी पिशवीतले सगळे ओपनर पसरलेले आणि हातोडी. डब्याला नुसते पोचे पडलेले. तळहात कापलेला, सदऱ्याला रक्त. आणि हे रडत होते. मी ह्यांना आजवर डोळे पुसताना पाहिलेलं नाही, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

मी फडकं घेऊन धावले. म्हटलं, "अहो, डब्यासाठी एवढं? मी आले असते, मला येतं आता!"

"तुला येतं," ते म्हणाले. "मला येत नाही."

मग सगळं सांगितलं. हळूहळू, माझ्याकडे न बघता. हाताला काही झालेलं नाही, हाताला हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्यात. आधी बोटं. मग दंड, पाय. पुढे बोलणं, गिळणं. शेवटी श्वास. औषध आहे, पण ते शेवट फक्त थोडा लांबवतं. मोठ्या दवाखान्यात जात होते दुपारचे. सुया टोचून बघायचे, रक्त काढायचे. बीटच्या बरणीच्या आधीपासून त्यांना कळत होतं की काहीतरी बिघडलंय.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

ह्यांनी तोंड फिरवलं.

"लेकीला?"

होकाराची मान हलवली.

म्हणजे सर्दी नव्हती. जगाला माहीत, आणि ज्या बाईच्या उशाशी उशी, तिला शेवटी! मी म्हटलं, "मी कोण तुमची? शेजारीण?"

तर म्हणाले, "तुझ्यासमोर 'मला होत नाही' असं मी कधी म्हटलं नव्हतं गं. ते म्हणायला शिकत होतो. जमतच नव्हतं."

रक्त थांबवलं, पट्टी बांधली. दोघेही तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मका तसाच डब्यात.

मी ह्या माणसावर संशय घेतला होता. ते कधीच सांगणार नाही.

१२ मे

लिहावंसं वाटत नाही. माझे अंगठे दुखतात की नाही, कोणाला पडलंय.

३ जुलै

दिवस भराभर जातायत. आता बटणं मी लावते, दाढी मी करते. पहिल्यांदा दाढी करताना हनुवटीला लागलं. म्हणाले, "कापड नाहीये, माणूस आहे." आम्ही इतके हसलो की साबण तोंडात गेला.

जिन्यात सगळ्यांना कळलंय. कोणी बरणी घेऊन येत नाही. दारावर टकटक झाली की हे मान वर करतात, पण तो दूधवाला असतो. मग खाली घालतात.

आज मीच समोर गेले. घाईबाई चप्पल घालत होती. म्हटलं, "बीट संपलं का गं तुझ्याकडचं?" तिला कळेना. मग म्हटलं, "बरण्या आणत जा. पूर्वीसारख्या."

"काकू, पण काका कसं..."

"तू आण."

तिने दुसरी चप्पलही काढून ठेवली आणि दारातच मला मिठी मारली. तिला कामावर उशीर झाला असणार.

१८ जुलै

घाईबाई आली. टोमॅटो सॉसची बाटली. ह्यांच्यासमोर धरून म्हणाली, "काका, हटून बसलीय." सराव केला असावा, आवाज अगदी रोजचा.

हे खुर्चीत होते. हात मांडीवर, दोन मिटलेल्या छत्र्यांसारखे. बाटलीकडे नीट पाहिलं. मग मला म्हणाले, "काठाला सॉस सुकलाय. आधी पाणी. गरम. फिरव... नाही, दाबू नकोस. नुसती धर." शब्द जरा जड येतात आता, तोंडात खडीसाखर धरल्यासारखे. मी धरली. पाणी सोडलं. हातमोजा घातला, फिरवली. सुटली.

"जमलं," घाईबाई म्हणाली, ह्यांच्याकडे बघून.

"जमणारच," हे म्हणाले. जेवताना एक घास जास्त गेला.

आता रोज काही ना काही येतं. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीसुद्धा तेलाचा डबा घेऊन आले. तो डबा आधीच उघडलेला होता, हे त्यांना बिचाऱ्यांना आठवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याचं झाकण पुन्हा लावून पुन्हा उघडून दिलं.

६ नोव्हेंबर

लेक आलीय, चार दिवस झाले. आता इथेच राहणार म्हणते, कामाचं बघते म्हणते. मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. रोज फोन ठेवला की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे." तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनेही ते एकटीनेच सोसलं होतं.

२२ नोव्हेंबर

आज वाईट झालं. लेकीने जामची बरणी स्वयंपाकघरात आधीच ढिली करून आणली आणि ह्यांच्या दोन्ही हातांत ठेवून म्हणाली, "बाबा, उघडत नाही हो." तिला वाटलं, नुसतं बोट लागलं की झाकण फिरेल, बाबांना बरं वाटेल. मीही दारात उभी होते. मलाही ती युक्ती बरीच वाटली, खोटं का बोलू.

झाकण फिरलं. ह्यांनी ते पाहिलं. मग मनगटाने बरणी लोटून दिली. खाली पडली, काचा, जाम, सगळीकडे लाल.

"फस...वू नका," म्हणाले. दोनदा म्हणाले, पहिल्यांदा आम्हाला कळलं नाही म्हणून.

लेक रडत रडत पुसत होती. हे तिच्याकडे बघत राहिले. पुसून झाल्यावर तिला डोळ्यांनी जवळ बोलावलं. ती खुर्चीपाशी बसली. बराच प्रयत्न करून म्हणाले, "तू... सांग. होत नाही... म्हणून. खरं. मी सांगेन... कसं."

तिने दुसरी बरणी आणली. खरोखर घट्ट. तिला चमच्याची युक्ती माहीत नव्हती. बापाने शिकवली. एका शब्दाला एक घोट श्वास. टक् झालं.

१५ फेब्रुवारी

बोलणं गेलं. आता डोळे. वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करूनच द्यावं लागतं, नाहीतर ठसका. त्या पावडरच्या डब्याला पत्र्याचं झाकण, त्याखाली चांदीचा कागद. तो मी दातानेही फाडते. ह्यांना ते आवडत नाही, डोळे मिटतात. मग कात्री घेते.

घाईबाई आली की शेजारी बसते. पूर्वी हिला बसता येतं हेच माहीत नव्हतं.

२३ मार्च

आज सकाळी गेले. चहाच्या वेळी. लेक खिडकीचा पडदा सारत होती, मी कपाळ पुसत होते. एक श्वास गेला, आणि पुढचा आलाच नाही. मी थांबून राहिले, येईल म्हणून.

ह्यांची बोटं मी सरळ करून ठेवली. फार सहज सरळ झाली.

८ एप्रिल

माणसं आली, गेली. लेकीला कामावर परत जावं लागणार. "चल माझ्याकडे," म्हणते. बघू म्हटलं. व्यायामाच्या बाईंचा फोन आला, वही लिहिताय ना? म्हटलं, लिहिते. अंगठे कसे? म्हटलं, चांगले.

ते खरंच चांगले आहेत. ह्याचाच राग येतो.

२ मे

लेक काल गेली. खुर्ची दवाखान्याला देऊन टाकली. तिथे जमिनीवर चार पायांचे डाग राहिलेत.

आज एकटीपुरतं सूप करायचं होतं. वाटाण्याचा डबा घेतला, ओपनर बसवला, दाबलं नाही, नुसता फिरवला. झाकण अलगद निघालं. कुठे कळ नाही, कुठे काही सांडलं नाही. मी "अहो" म्हणून वळले.

मग सूप केलंच नाही.

आता ह्या घरात मला उघडता येत नाही असं काहीही नाही. ह्यांनी तशीच तजवीज केली होती. माझं भलं केलं. कोणी विचारलंच नाही मला, की बाई, तुला हे जमायला हवंय का? मला नको होतं. मला बरणी पुढे करायची होती. पेपरामागून एक हात यायला हवा होता.

१० मे

आज एक वेडेपणा केला. लिहून ठेवते, कारण आणखी कोणाला सांगण्यासारखा नाही.

दुपारी मधाची बरणी घेतली. ती उघडीच होती, मीच रोज उघडते. हातमोजा घातला, काठ फडक्याने कोरडा केला आणि पट्ट्याच्या पान्याने झाकण आवळलं. अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली, तरी आवळलं. मग समोरचं दार वाजवलं.

घाईबाई नुकतीच आलेली, खांद्यावर पिशवी तशीच. म्हटलं, "जरा उघडून देतेस का? मला होत नाही."

तिने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे मला काय येतं आणि काय नाही. मागच्या आठवड्यात तिच्याच दोन बाटल्या मी उघडून दिल्यात. पण काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली, "या आत," म्हणाली. बरणी मांडीत धरली आणि फिरवायला लागली. चमचा घेतला नाही, गरम पाणी नाही, नुसती दोन्ही हातांनी. चेहरा लाल झाला. झाकण काही हललं नाही.

"काकू, एवढं घट्ट लावलं कोणी?"

"मीच," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. मग पदर... नाही, पदर नव्हता, ओढणी होती, ती हाताला गुंडाळून पुन्हा फिरवायला लागली. "बसा तुम्ही," म्हणाली. "मला आज कुठे जायचं नाहीये."

मी बसले. उघडायला फार वेळ लागला.